जंगमाचे स्थावर

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन विभाग ज्या कायदेपंडिताने प्रथम पाडले त्याने खानदेशातील उन्हाळा पाहिला नसावा, आणि पाहिला असलाच तर त्या उन्हाळ्यात अंगणातल्या निंबाखाली मालकाच्या गैरहजेरीत उभी असलेली मोटार तरी खास पाहिली नसावी. कारण ती पाहिली असती तर विकत घेताना जंगम असणारी, सरकारी दप्तरात अखेरपर्यंत जंगम म्हणूनच राहणारी, परंतु एका जागी तीन ऋतू काढताच निव्वळ वहिवाटीच्या जोरावर स्थावर होऊन बसणारी अशी मालमत्तेची एक तिसरी जात त्याला मान्य करावी लागली असती. परक्याच्या जमिनीवर मालकी सांगावयाची तर बारा वर्षांचा उघड व अखंड कब्जा शाबीत करावा लागतो. उभ्या मोटारीवर उंदीर तोच हक्क बारा रात्रींत शाबीत करतो, आणि त्याला वकीलही लागत नाही.

हा प्रश्न पूर्वी नव्हता, कारण पूर्वी मोटारी नव्हत्या आणि अमेरिकेत नातवंडे नव्हती. आता जळगावात जिल्हापेठेपासून महाबळपर्यंत कोणत्याही गल्लीत डोकावले तरी एखादे घर असे निघतेच की, ज्यातला मुलगा परदेशी स्थायिक झाला आहे, ज्यातली वडीलधारी मंडळी सुनेच्या बाळंतपणानिमित्त सहा महिन्यांच्या मुदतीवर तिकडे पाचारण केली गेली आहेत, आणि ज्याच्या फाटकाआड एक पांढरी मोटार आपल्या मालकाच्या परतीची तारीख ठाऊक नसल्यासारखी उभी आहे. काशीयात्रेस निघणारा गृहस्थ घरास कुलूप लावून गाय शेजाऱ्याच्या हवाली करी आणि निर्धास्त होई, कारण सांभाळणाऱ्याला निदान दूध मिळे. मोटार सांभाळणाऱ्याला किल्ली मिळते, आणि ती वापरावयाची नसते.

आमचे शेजारी नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले हे पेन्शन कचेरीचे मत आहे. नानांनी स्वतः ते अद्याप मंजूर केलेले नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आटोपून अमेरिकेस निघण्याच्या तयारीत असताना त्यांनी मोटार माझ्या स्वाधीन केली ती ‘जरा लक्ष ठेवा हं’ अशा मोघम शब्दांत नव्हे, तर रीतसर ताबेपावती करून. तीत वाहनाचे वर्णन होते, चतुःसीमा होत्या (पूर्वेस निंब, पश्चिमेस पाण्याची टाकी, दक्षिणेस तुळशीवृंदावन, उत्तरेस सरकारी रस्ता), जुन्या ओरखड्यांचा पंचनामा होता, आणि सातबाऱ्याच्या धर्तीवर ‘इतर हक्क’ असा एक रकाना रिकामा सोडलेला होता. हा रकाना कशासाठी, असे मी विचारले तेव्हा नाना चष्म्यावरून पाहत म्हणाले, “भाऊसाहेब, रिकामी जमीन आणि रिकामा रकाना फार दिवस रिकामा राहत नाही. जसजसे हक्क निर्माण होतील तसतशी नोंद घेत चला.” या वाक्यामागे किती वर्षांची नोकरी उभी होती हे मला तेव्हा कळले नाही, श्रावणापर्यंत कळले.

पहिला वाद मोटार झाकावी की उघडी ठेवावी या विषयावर उपस्थित झाला, आणि तो पूर्व व पश्चिम खानदेशातला वाद होता. नानांचे साडू धुळ्यास देवपुरात राहतात. जळगावच्या माणसाने काही ठरवले की त्यास हरकत घेणे हा धुळेकर आपला ऐतिहासिक हक्क समजतात, आणि त्याला आधारही आहे. कारण १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे होईपर्यंत सगळ्या मुलखाचा कारभार धुळ्याहून चाले, आणि आजही मोटारींच्या नंबरपट्टीवर धुळ्याचा १८ हा आकडा जळगावच्या १९ च्या एक पाऊल पुढेच उभा असतो. साडूंचे मत असे की, वाहनाला वारा लागला पाहिजे. झाकलेली वस्तू कुजते. नानांचे मत असे की, वाहनाला ऊन लागता कामा नये. उघडी वस्तू करपते. दोघेही आपापल्या जिल्ह्यापुरते बरोबर होते, हीच तर सगळ्या वादांची अडचण असते.

ऊन ही आमच्याकडे केवळ हवामानाची बाब नसून ती शेतसाऱ्यासारखी दरसाल वसूल होणारी बाब आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा बंद मोटारीच्या आतील डॅशबोर्डावर हात टेकवत नाही, दारांचे रबर पापडासारखे कडक होते, वायपरची पाती काचेला चिकटून तिचाच भाग होऊ पाहतात आणि रंगावरची झिलई आधी दुधाळते व मग सोडून जाते. याच उन्हाची किंमत ओळखून सरकारने धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली १२५ मेगावॅट विजेचा सौरप्रकल्प उभारला. म्हणजे एकीकडे सरकार जे ऊन पकडण्यासाठी माळरानावर काचा मांडून बसले आहे, तेच ऊन चुकविण्यासाठी नानांनी आपल्या मोटारीच्या काचांवर आतून जुनी वर्तमानपत्रे लावली होती. शास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था वाईट नव्हती. फक्त त्या वर्तमानपत्रांत निवडणुकीचे निकाल होते, आणि येणारा-जाणारा काचेला नाक लावून ते वाचत उभा राही.

आवरणाच्या बाबतीत मात्र नानांनी प्रथम घोर अर्थशास्त्र केले. जळगाव हे प्लास्टिकच्या चटयांचे गाव. कारखान्यातून ओळखीने मिळालेल्या दोन मोठ्या चटया त्यांनी मोटारीवर अंथरल्या, त्यांवर ताडपत्री घातली आणि सगळ्यावर ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्यांचा विळखा दिला. तयार झालेली वस्तू पाहून पहाटेचा दूधवाला थबकला आणि अहिराणीत पुसता झाला, “भाऊ, हाई गाडी शे का नवरी शे?” प्रश्न मार्मिक होता. ज्या आवरणातून हवा जात नाही त्याच्याखाली दिवसा तापलेल्या आणि रात्री निवलेल्या पत्र्याला घाम फुटतो; तो घाम बाहेर पडावयास वाट नसली की रंगावर फोड येतात आणि दारांच्या खालच्या कडांना गंज धरतो. धुळ्याकडे तर हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा रोज पहाटे झाकलेल्या मोटारीला आतून दव पडते. शिवाय वारा आहे. ज्या वाऱ्यावर साक्रीकडील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तो वारा सैल बांधलेली ताडपत्री रात्रभर मोटारीवर घासत राहतो, आणि ताडपत्री व रंग यांच्यामध्ये आधीच धूळ बसलेली असल्यामुळे सकाळपर्यंत त्या मोटारीला कोणत्याही सुताराने दिला नसता असा सफाईदार खरकागद मारून होतो. तेव्हा आवरण पाहिजे ते हवा खेळू देणारे, आतून मऊ, खालून घट्ट आवळलेले, आणि मोटार धुऊन, पूर्ण वाळवून, मेण चोपडून झाल्यावरच घातलेले. माझ्या विनंतीस मान देऊन नानांनी चटया उतरवल्या. साडूंनी फोनवर हा धुळ्याचा विजय असल्याचे जाहीर केले.

हँडब्रेकचा प्रश्न त्यामानाने सोपा होता, परंतु तो सोडवावयास जळगावच्या ग्रामदैवताला यावे लागले. दीर्घकाळ ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे ब्रेकच्या पट्ट्या ओलाव्याने आतल्या डब्याला धरून बसतात आणि मालक परत आल्यावर मोटार इंजिनाचे ऐकावे की ब्रेकचे, या धर्मसंकटात सापडते. म्हणून तो सोडून द्यावा, मोटार गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना अडणी लावावी असा संकेत आहे. विटा लावू नयेत, त्या पिचतात. नानांना हे पटेना. ब्रेकवाचून उभी असलेली मोटार त्यांना जामीनकीवाचून सोडलेल्या आरोपीसारखी वाटे. तेव्हा मी त्यांना रथाची आठवण दिली. १८७२ साली अप्पा महाराजांनी सुरू केलेल्या श्रीरामाच्या रथोत्सवात, कार्तिकी एकादशीस तो अवाढव्य रथ जुन्या जळगावच्या अरुंद गल्ल्यांतून निघतो त्याला कोठे ब्रेक असतो? चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सारणारी माणसे असतात. तीच त्याला थांबवतात, तीच वळवतात. आणि वर्षातून एक दिवस धावून उरलेले वर्ष विसावणारे वाहन दीडशे वर्षांवर टिकवण्याचा अनुभव ज्या गावाच्या गाठी आहे, त्या गावाने मोटारीच्या मालकाच्या पुस्तिकेकडे पाहावेच कशाला? नानांनी दुसऱ्या दिवशी सुताराकडून बाभळीच्या चार मोगऱ्या करून आणल्या आणि ताबेपावतीत ‘मोगरी नग ४’ अशी वाढीव नोंद केली.

बॅटरीने तेवढा संयम दाखवला नसता. जुन्या फियाटमध्ये किल्ली काढली की सर्व सृष्टी निद्रिस्त होई. आजच्या मोटारीत मात्र किल्ली काढल्यावरही घड्याळ चालते, कुलपाचे यंत्र कान टवकारून बसते आणि चोराला भिववण्यासाठी एक तांबडा दिवा रात्रंदिवस लुकलुकत राहतो. हा दिवा आपले काम इतक्या निष्ठेने करतो की महिना-दोन महिन्यांत बॅटरी पार रिती होते, आणि मग ती मोटार चोराला नेता येत नाही, तशी मालकालाही नेता येत नाही. त्यातून उष्णतेने बॅटरी आपोआपही झिजते, आणि रिती राहिलेली बॅटरी आतून गारगोटीसारखी निबर होते ती पुन्हा भरत नाही. ऋण बाजूची तार आधी सोडावी, मग धन बाजूची, आणि बॅटरी घरात आणून ठेवावी, हा त्यावरचा उपाय. तो नानांनी अमलात आणला आणि बॅटरी माझ्या माजघरात, आमच्या हिच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, वर्षभर मुक्कामास राहिली. महिन्याकाठी तिला विजेचा खुराक द्यावा लागे. बरणीचे तोंड उघडण्यास मला मनाई आहे. बॅटरीचे उघडता येत होते, इतकाच काय तो फरक.

टायरांत हवा थोडी जास्त भरावी आणि अधूनमधून मोटार हातभर पुढेमागे ढकलावी, नाहीतर टायर एकाच जागी चेपून चपटे होतात. टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरण्यास जागा उरत नाही. आणि हल्ली तर पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे पाणी दिसले की ओढून घेते. मद्यार्क मिसळलेल्या पेट्रोलाला पाण्याची इतकी ओढ असावी आणि मद्यार्क घेतलेल्या माणसाला पाण्याचा इतका तिटकारा असावा, ही रसायनशास्त्रातील एक मौज आहे.

आता ‘इतर हक्क’.

पहिली नोंद बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, झाली. वैशाखात आमच्या गल्लीतील प्रत्येक खाटेवर, गच्चीवर आणि कठड्यावर बिबड्या वाळत असतात, आणि जागेची इतकी टंचाई असते की त्यावरून सख्ख्या जावा अबोला धरतात. अशा समयी एक स्वच्छ कापडी आवरण घातलेली, कुत्र्याच्या तोंडापासून उंच आणि ऊन मिळणारी सपाटी गल्लीच्या मध्यावर बेवारस पडलेली पाहून भगिनीवर्गाने तिचा ताबा घेतला नसता तर तोच अचंबा. सकाळी लवकर घाटा शिजे, मोटारीच्या टपावर जुने पातळ अंथरले जाई, आणि नऊ वाजेपर्यंत टप, बोनेट व डिकी या तिन्ही गटांची पोटहिस्सेवारी पूर्ण होऊन प्रत्येकीचा बांध ठरलेला असे. मी ताबेपावती पुढे करून हरकत नोंदवली. त्यावर मला एका वाटीत गरम घाटा आणि वर तेल देण्यात आले. हरकत काढून घेतली.

आणि या अतिक्रमणाचा मोटारीस उपयोगच झाला हे मी नमूद केले पाहिजे. मोटारीचा खरा शत्रू ऊन किंवा पाऊस नसून एकांत आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. जिच्याकडे रोज कोणी फिरकते तिच्याकडे उंदीर फिरकत नाही, जिच्याकडे कोणी पाहतसुद्धा नाही तिच्यात तो सहकुटुंब राहावयास येतो. बिबड्यांचा हंगाम सरला आणि गल्ली घरात गेली, तेव्हा लगेच दुसरी नोंद करावी लागली. रात्री बोनेटमधून खुडखूड ऐकू येऊ लागली. उघडून पाहतो तो हवेच्या गाळणीच्या डब्यात कापसाची एक उत्तम गादी तयार झालेली. कापूसही असा तसा नव्हे, लांब धाग्याचा, सरकी काढलेला. खानदेशात उंदीरसुद्धा प्रत पाहून कापूस घेतो. गादीस लागणाऱ्या दोरीसाठी त्याने दिव्याच्या तारांचे वेष्टन सोलले होते. डांबरगोळ्या ठेवल्या, त्या त्याने बाजूस सारल्या. निंबाचा पाला ठेवला. तो गादीखाली गेला. अखेर कोणीतरी तंबाखूची पाने सुचवली आणि तो उपाय मात्र लागू पडला, म्हणजे उंदीर गेला, पण गल्लीच्या रखवालदाराचा बोनेटकडे राबता सुरू झाला, आणि पाने दर आठवड्यास कमी भरू लागली. रखवालदार येतो म्हणून उंदीर येत नाही आणि तंबाखू आहे म्हणून रखवालदार येतो, हे पाहून तो खर्च मी ‘देखभाल’ या सदराखाली मंजूर केला.

सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नये म्हणून नानांनी आधीच कापडाचा बोळा कोंबला होता, आणि तो काढल्याशिवाय कोणी मोटार चालू करू नये म्हणून चाकावर, म्हणजे हातातल्या चाकावर, एक पाटी टांगली होती: ‘पुच्छभागी बोळा आहे. हुकुमावरून.’

पावसाळ्यात नोंदी भराभर झाल्या. आमच्याकडे वर्षाकाठी पाऊस पडतो सातशे मिलिमीटरांच्या आसपास, परंतु जो पडतो तो हिशेब एकदम चुकता करावा अशा आवेशात पडतो. पुढील काचेच्या पायथ्याशी पाणी निघून जाण्याच्या बारीक मोऱ्या असतात, त्यांत निंबाचा पाला कुजून बसला, आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी आत आले. हे काम पंधरा दिवसांनी एकदा बोटाने पाला काढण्याचे आहे, पण ते कोणी करीत नाही, कारण ते मोफत आहे. निंबोळ्या खाऊन पाखरांनी आवरणावर जे दान केले ते जेथे जेथे कापड विरले होते तेथे रंगात कायमचे उमटले. दाराच्या मुठीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले. धुळीच्या काचेवर शाळकरी मुलांनी आधी ‘मला धुवा’ असे लिहिले आणि मग परस्परांची नावे जोडून अब्रुनुकसानीचे गुन्हे केले.

याच सुमारास धुळ्याहून साडू स्वतः आले, कारण दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करावे असा त्यांचा सिद्धांत होता आणि जळगावात तो पाळला जात नाही अशी त्यांची खातरजमा झाली होती. पाच मिनिटे चालवल्याने स्टार्टरने बॅटरीतून जितके ओढले तितकेही भरून निघत नाही, आणि थंड इंजिनात व नळीत जमलेले पाणी उडून जाण्याइतके ते तापतही नाही. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर न्यावी, नाहीतर सुखाने झोपू द्यावी, हे मी त्यांना समजावले. ते म्हणाले, “आमच्याकडे तशी पद्धत नाही.” मी त्यांना माजघरात नेऊन बॅटरी दाखवली. तिच्याशेजारच्या लोणच्याने वाद मिटला.

खाजगी मोटारींचे हे हाल, तर सरकारजमा वाहनांबद्दल काय बोलावे! गिरणेच्या पात्रातून चोरटी वाळू वाहणारे ट्रॅक्टर आणि डंपर महसूल अधिनियमाच्या ४८ व्या कलमान्वये जप्त होतात, आणि तालुक्याच्या कचेरीच्या आवारात दंड भरला जाईपर्यंत उभे राहतात. अपघातातली व गुन्ह्यातली वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी राहतात. त्यांना ना आवरण, ना मोगरी, ना बिबड्या. गुजरातेतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, पंचनामा करून, छायाचित्रे घेऊन, हमीवर ती सोडून द्यावीत. निकाल स्पष्ट आहे. परंतु वाहनाच्या मधोमध पिंपळ उगवला असेल तर तो हमीवर सोडावा की वनखात्याकडे वर्ग करावा, याविषयी त्यात काही नाही.

आणि वाहन उभे राहिले म्हणून त्याचे कागद उभे राहत नाहीत. प्रदूषणाचा दाखला, न उडालेल्या धुराबद्दल, मुदत संपून बाद होतो. विमा सरला आणि नव्वद दिवसांत नवा केला नाही तर वर्षानुवर्षे अपघात न केल्याबद्दल मिळवलेली सूट बुडते. पंधरा वर्षांनी नोंदणी संपते, मग ती मोटार रस्त्यावर झिजलेली असो की निंबाखाली. नानांनी अमेरिकेतून रात्री-अपरात्री फोन करून मोटारीची नव्हे, या तारखांची चौकशी केली.

सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हा नातीच्या आगमनाप्रीत्यर्थ नानांनी मुदतवाढ मागितली, ती मिळाली, आणि वर्ष फिरून ते वैशाखात परतले. दुपारची वेळ होती. मोटारीच्या टपावर, बोनेटवर व डिकीवर तिन्ही गटांत बिबड्या पसरल्या होत्या, आवरणाच्या सावलीत गाडीखाली एक मांजरी चार पिल्लांना पाजत पडली होती, आणि रखवालदार बोनेटशी काहीतरी ‘तपासत’ होता. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी ताबेपावती मागवली, इतर हक्कांचा रकाना पुरवणी कागदांसह वाचून काढला, ‘तंबाखू’ या शब्दाखाली रेघ ओढली, ओसरीवर बैठक मारली, आणि आपली जुनी लेखणी काढून खालीलप्रमाणे निकाल लिहिला: ‘बिबड्या वाळेपर्यंत व पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत वाहन जैसे थे ठेवावे. अर्जदार मूळ मालक असल्याचे दिसते. परंतु प्रत्यक्ष कब्जा नाही. त्यांनी तूर्त रिक्षा करावी. खर्च ज्याचा त्याने सोसावा.’